तो ८५ चा आकडा: डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर सात महिने वापरल्यावर

जुलैत साताऱ्यात, आमच्या शाळेत, पातेल्यात पाणी खळखळ उकळत होतं आणि लॅपटॉपवर सेन्सरचा आकडा होता ८५.००. सातवीच्या अख्ख्या वर्गाने वहीत लिहून टाकलं, ‘पाणी ८५ अंशांना उकळतं.’ कुणालाच शंका आली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

सेन्सर, अर्डुइनोचा क्लोन (सेन्सर वाचून लॅपटॉपला आकडा देणाऱ्या छोट्या बोर्डाची नक्कल) आणि वायरी मिळून साडेआठशे रुपये, माझ्या खिशातून. विक्रेत्याला तीनदा फोन केला. ‘उकळत्या पाण्यात घातलात, आता वॉरंटी नाही,’ एवढंच उत्तर. १२५ अंशांपर्यंत चालतो म्हणून विकायचा आणि वर हे ऐकवायचं!

शेवटी कळलं ते असं. सेन्सरचा पुरवठा क्षणभर तुटला की मोजलेलं पुसलं जातं आणि तो सुरुवातीचा ठरलेला आकडा देतो, ८५. ब्रेडबोर्डवरची, म्हणजे वायरी नुसत्या खोचून जोडायच्या पाटीवरची, पुरवठ्याची लाल वायर सैल होती. मोबाइल दुरुस्तीवाल्याने वीस रुपयांत सोल्डर मारून दिलं. तरी तक्रार कायम आहे. डेटाची वायर निघाली तर −१२७ दिसतं, ते पोरांना लगेच खटकतं. ८५ मात्र खरंच वाटतं, कारण पाणी तापताना तो वाटेत येतोच.

सप्टेंबरात मी प्रोग्राममधून ८५ गाळून टाकला. ते चुकलं, मुलांची शंकाच काढून घेतली. आता तो लाल रंगात दिसतो आणि मुलं आधी वायर तपासतात.

मग वायर पक्की असूनही पाणी ९७.४ लाच उकळायला लागलं. आठवीने सेन्सर बाद ठरवला. म्हटलं, सिद्ध करा. ठेचलेल्या बर्फात बुडवला, ०.२. पाणी वाढवलं, आच वाढवली, आकडा हलेना. तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘सर, आपण उंचावर राहतो म्हणून असेल का?’ सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर. हवेचा दाब कमी, म्हणून दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी.

जानेवारीत सहलीला तोच सेन्सर महाबळेश्वरला नेला. सहाशे मीटर आणखी उंच, म्हणून मुलांनी आधीच वहीत ९५.४ लिहून ठेवलं होतं. चहावाल्याच्या शेगडीवर आलं ९५.३. पोरांनी जो आरडाओरडा केला, त्यात माझे साडेआठशे वसूल झाले.

८५ च्या वर हा सेन्सर अर्ध्या अंशाच्या अचूकतेची हमी देत नाही, म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा दोन ठिकाणांतला फरक बघा. घेणार असाल तर दोन घ्या, एकमेकांशी ताडता येतात. आणि वायर पहिल्याच दिवशी सोल्डर करून घ्या.