पद्धत की मूल्ये? विस्कॉन्सिनच्या न्यायमूर्तिपदाचे दोन उमेदवार

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्ती असतात. ते दहा वर्षांसाठी थेट मतदारांकडून निवडले जातात आणि एका वर्षात एकाहून अधिक जागांसाठी निवडणूक घेता येत नाही. मतदान एप्रिलमध्ये होते आणि मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव नसते. न्यायाधीश नेमले जातात, ते दारोदार मते मागत नाहीत, हे ज्याने भारतात लहानपणापासून पाहिले आणि जो आता अमेरिकेचा नागरिक म्हणून अशा एखाद्या राज्यात मतदान करतो, त्या मराठी माणसाची इथे पंचाईत होते. न्यायाधीशाला मत द्यायचे, ते कशाच्या आधारावर? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ४ एप्रिल २०२३ ची लढत मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण डॅनिअल केली आणि जॅनेट प्रोटासेविट्झ या दोघांनीही आपली न्यायदृष्टी उघडपणे मांडली होती आणि त्यानंतरचे निकालही आता आपल्या हाती आहेत.

त्या वेळी न्यायालयात पुराणमतवादी गटाचे चार विरुद्ध तीन असे बहुमत होते आणि निवृत्त होणाऱ्या न्यायमूर्ती पेशन्स रॉगेनसॅक त्याच गटातल्या होत्या. जून २०२२ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यामुळे जवळपास सर्व गर्भपातांना मनाई करणारा मानला जाणारा राज्याचा १८४९ सालचा कायदा पुन्हा लागू झाला का, हा प्रश्न उभा राहिला होता. रिपब्लिकन पक्षाला झुकते माप देतात अशी टीका होणारे विधिमंडळाच्या मतदारसंघांचे नकाशे हा दुसरा वाद होता. एका जागेने दोन्ही प्रश्नांचा कल बदलू शकत होता आणि हे दोन्ही उमेदवारांना पुरेपूर ठाऊक होते.

पुराणमतवाद्यांचा पाठिंबा असलेल्या केली यांचे म्हणणे पद्धतीचे होते. कायद्याचा अर्थ त्याच्या शब्दांतून लावावा, राज्यघटनेचा अर्थ ती लिहिली गेली तेव्हा जो समजला जात होता तोच धरावा, आणि न्यायाधीशाने स्वतःची राजकीय मते निकालाबाहेर ठेवावीत, अशी त्यांची भूमिका होती. राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी त्यांना २०१६ मध्ये रिक्त जागी नेमले होते आणि २०२० च्या निवडणुकीत जिल कॅरोफस्की यांच्याकडून ते पराभूत झाले होते. त्यामुळे चार वर्षांची निकालपत्रे वाचून त्यांची पारख करणे शक्य होते. २०१८ च्या ‘टेट्रा टेक’ खटल्यात, कायद्याचा सरकारी खात्याने लावलेला अर्थ न्यायालयाने झुकते माप देऊन मान्य करण्याची जुनी प्रथा बंद करणारे मुख्य निकालपत्र त्यांनी लिहिले. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय २०२४ मध्ये घेतला, म्हणजे केली सहा वर्षे पुढे होते. विशेष म्हणजे त्या खटल्यात प्रथा मोडली तरी करखाते जिंकले. फॉक्स नदीतून उपसलेला गाळ वेगळा करण्याच्या कामावर कर लागतोच, असे न्यायालय म्हणाले. पद्धतीवरची निष्ठा निकालाच्या सोयीपेक्षा वेगळी ठेवता येते, याचा हा चांगला पुरावा आहे.

पण त्यांचेच २०१७ चे दुसरे निकालपत्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. मॅडिसन शहराच्या बससेवेने बसमध्ये शस्त्र आणण्यास नियम करून मनाई केली होती. शहरांना राज्याच्या कायद्याहून कडक असा ‘अध्यादेश किंवा ठराव’ करता येणार नाही, असे राज्याच्या कायद्यात लिहिले होते. बससेवेचा नियम यांपैकी काहीच नव्हता आणि असहमत न्यायमूर्तींनी नेमके कायद्याच्या या शब्दांवरच बोट ठेवले. केली यांनी बहुमताच्या वतीने लिहिले की जो अधिकार शहराच्या सभेलाच नाही, तो तिच्या हाताखालच्या मंडळाला मिळू शकत नाही. हा युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो, मात्र तो शब्दांवर थांबत नाही, कायद्याच्या हेतूपर्यंत आणि रचनेपर्यंत जातो. स्वतःला शब्दनिष्ठ म्हणवणाऱ्या न्यायाधीशालाही शब्दांपलीकडे जावे लागते, हे मतदाराने लक्षात ठेवायला हवे.

उदारमतवाद्यांचा पाठिंबा असलेल्या प्रोटासेविट्झ यांची मांडणी वेगळी होती. मिलवॉकी जिल्ह्यात पंचवीसहून अधिक वर्षे सरकारी वकील आणि २०१४ पासून तेथील सत्र पातळीवरील न्यायाधीश, अशी त्यांची कारकीर्द होती. निकाल कायद्यानुसारच देणार असे त्याही म्हणत, पण आपली मूल्ये काय आहेत हे मतदारांना कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गर्भपाताचा निर्णय स्त्रीचा असावा, हे आपले मत त्यांनी सांगितले आणि मतदारसंघांचे नकाशे लबाडीने आखलेले आहेत, असेही म्हटले. न्यायाधीशपदाच्या उमेदवारांना वादग्रस्त प्रश्नांवर मत मांडण्याची मुभा आहे, हे केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मिनेसोटाच्या खटल्यात मान्य केले आहे, तेव्हा यात बेकायदेशीर काही नव्हते. अडचण औचित्याची होती. जो वाद उद्या आपल्यासमोर येणार हे दिसत आहे, त्यावर आज मत देणाऱ्या न्यायाधीशासमोर हरणाऱ्या पक्षकाराने कोणत्या विश्वासाने उभे राहावे?

अनुभवाच्या बाबतीत फार वेळ घालवण्याची गरज नाही. प्रोटासेविट्झ यांना खटले चालवण्याचा आणि शिक्षा ठरवण्याचा अनुभव होता, म्हणूनच विरोधी जाहिरातींनी त्यांच्या काही शिक्षा सौम्य ठरवल्या. केली यांनी खालच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून कधी काम केले नव्हते, पण अपिलाच्या न्यायालयात लागणारे कायद्याच्या प्रश्नांवरील लेखन त्यांनी विपुल केले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या कामाला दुसरा अनुभव अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे, पण तेवढ्यावर मत ठरवावे इतका तो निर्णायक नाही.

खरी तुलना पैशांच्या आणि सुनावणीतून बाजूला होण्याच्या प्रश्नावर करायला हवी, आणि नेमकी हीच बाब प्रचारात मागे पडते. या लढतीत पाच कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. त्याआधी एखाद्या राज्याच्या न्यायमूर्तिपदासाठीच्या खर्चाचा उच्चांक २००४ मध्ये इलिनॉयमध्ये झालेल्या सुमारे दीड कोटींचा होता. विस्कॉन्सिनच्या नियमांनुसार केवळ देणगी घेतली म्हणून न्यायमूर्तीला बाजूला व्हावे लागत नाही. प्रोटासेविट्झ यांना डेमोक्रॅटिक पक्षाकडून जवळपास एक कोटी डॉलर मिळाले आणि तो पक्ष पक्षकार असलेल्या खटल्यांतून आपण बाजूला होऊ, असे त्यांनी सांगितले. केली यांनी न्यायालयातून बाहेर पडल्यावर रिपब्लिकन पक्षाच्या संस्थांचे सल्लागार म्हणून लाखभर डॉलरहून अधिक मेहनताना घेतला होता, शिवाय २०११ च्या नकाशांचा न्यायालयात बचाव करणाऱ्या वकिलांमध्येही ते होते. पक्षापासून दूर राहिलेला उमेदवार शोधणाऱ्याला या लढतीत तो सापडला नसता. एकीने नाते सांगून टाकले होते आणि दुसऱ्याने ते पद्धतीच्या भाषेआड ठेवले होते, एवढाच काय तो फरक.

प्रोटासेविट्झ सुमारे अकरा टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी पदावर आल्या. दुसऱ्याच दिवशी नकाशांविरुद्धची याचिका दाखल झाली. विधानसभेचे सभापती रॉबिन व्हॉस यांनी महाभियोगाचा इशारा दिला, तरी डेमोक्रॅटिक पक्ष या खटल्यात पक्षकार नाही या मुद्द्यासह कारणे देऊन प्रोटासेविट्झ यांनी बाजूला होण्यास नकार दिला. दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला, पण नकाशे बदलल्याने कोणाला लाभ होणार हे सर्वांना दिसत होते. म्हणून अशा आश्वासनाचे शब्द मतदाराने करारनामा वाचावा तसे वाचावेत.

पुढचा निकाल मात्र दोन्ही बाजूंच्या ठरीव प्रतिमांना छेद देणारा आहे. २२ डिसेंबर २०२३ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी नकाशे रद्द झाले, पण ते लबाडीने आखले म्हणून नव्हे. मतदारसंघ ‘सलग प्रदेशाचे’ असावेत असे राज्यघटनेत लिहिले आहे आणि ९९ पैकी किमान ५० मतदारसंघांचे तुकडे मुख्य भागापासून तुटलेले होते, एवढ्यावर उदारमतवादी बहुमताने निकाल दिला. म्हणजे ज्या शब्दनिष्ठेचा झेंडा केली यांच्या हाती होता, तिचाच आधार त्यांच्या विरोधकांनी घेतला. २ जुलै २०२५ रोजी याच बहुमताने १८४९ चा कायदा नंतरच्या अनेक कायद्यांमुळे निष्प्रभ झाल्याचे ठरवले. तिथे मात्र एकाही नंतरच्या कायद्याने जुना कायदा उघडपणे रद्द केलेला नव्हता आणि असहमत न्यायमूर्तींचा रोख त्याच उणिवेवर होता.

मग निवड कशी करावी? विधिमंडळाने जे स्पष्ट लिहिले नाही ते न्यायालयाने भरून काढू नये, असे ज्याला मनापासून वाटते, त्याने केली यांच्या प्रकारचा उमेदवार निवडावा, मात्र बससेवेसारखे एखादे निकालपत्र वाचून तो स्वतःची कसोटी कुठे सैल करतो हे आधी पाहावे. न्यायाधीशाची मूल्ये निकालात उतरतातच, तेव्हा ती आधी कळलेली बरी, असे ज्याला वाटते, त्याला प्रोटासेविट्झ यांची वाट जवळची वाटेल. मात्र आपल्या मूल्यांविरुद्ध गेलेला एखादा निकाल दाखवा, असे त्याने अशा उमेदवाराला विचारावे. मी स्वतः दुसऱ्या प्रश्नाला अधिक वजन देतो, आणि तो पहिल्या प्रकारच्या उमेदवारालाही विचारतो. २०१९ मध्ये पुराणमतवादी पाठिंब्यावर निवडून आलेले ब्रायन हेगडॉर्न यांनी डिसेंबर २०२० मध्ये अध्यक्षपदाच्या निकालाला दिलेले ट्रम्प यांचे आव्हान फेटाळणारे चार विरुद्ध तीनचे निकालपत्र स्वतः लिहिले. त्या वेळी केली यांच्या जागी कॅरोफस्की बसल्या होत्या.