643 पार्क ॲव्हेन्यू : तिकीट काढण्याआधी बैठक बघा

न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यू आर्मरीत, म्हणजे पलटणीच्या जुन्या शस्त्रागार-इमारतीत जिथे आता नाटकं, ऑपेरा, मैफली होतात, काही बघायला जायचं असेल तर कलाकार कोण हे नंतर बघा. आधी बघा, प्रेक्षकांना बसवणार कुठे आणि कसं. इथे पैसे वसूल होणं त्यावरच ठरतं.

आधी एक गफलत दूर करू. 1913 चं आधुनिक चित्रकलेचं ते गाजलेलं 'आर्मरी शो' प्रदर्शन इथे भरलं नव्हतं. ते 69व्या रेजिमेंटच्या आर्मरीत, बरंच दक्षिणेला लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर भरलं होतं. ही 7व्या रेजिमेंटची, 1880 मध्ये पूर्ण झालेली वास्तू. बड्या घरच्या पोरांची ही पलटण, 'रेशमी मोज्यांची' म्हणून चिडवली जायची. पण 1861 मध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या हाकेला धावून गेलेल्या पहिल्या पलटणींत हीच होती. इमारतीचा पैसाही बराचसा त्यांनीच उभा केला.

त्या पैशाचं खरं चीज झालं ते मागच्या कवायतीच्या हॉलमध्ये. 55,000 चौरस फूट जमीन, वर 80 फूट उंच कमानदार छप्पर आणि मध्ये एकही खांब नाही. नुसत्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर कबड्डीची 39 मैदानं मावतील. खांब नकोत याचं कारण साधं आहे: कवायतीत सैनिकांची अख्खी रांग एका टोकावर फिरवायची तर मध्ये खांब आला की रांग तुटते. म्हणून रेल्वे स्थानकांच्या मोठ्या शेडची युक्ती इथे आणली. लोखंडी कैच्यांच्या 11 कमानी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आत गेल्यावर स्टेजकडे बघायच्या आधी एक कमान खालपासून वरपर्यंत नजरेने चढून बघा.

याच रचनेचा त्रास म्हणजे आवाज. एवढ्या पोकळीत गोल छपराखाली शब्द घुमतो आणि एकमेकांवर चढतो. म्हणून संवादांच्या नाटकाला माइक तरी लागतात, नाहीतर आत वेगळं नाट्यगृहच उभारावं लागतं. 2011 मध्ये ब्रिटनच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीने आत नाट्यगृहच उभारलं. नाटकं ऐकू येतात हो, पण मग हॉल दिसत नाही, खोक्यातलं खोकं. याउलट 2008 मध्ये सैनिकांवरचाच एक जर्मन ऑपेरा झाला, त्यात प्रेक्षकांची अख्खी गॅलरी रुळांवरून पुढेमागे सरकवली होती. 2012 मध्ये दृश्यकलाकार ॲन हॅमिल्टनने छपरापासून 42 झोके टांगले आणि येणाऱ्यांना त्यावर बसवलं. अशा कामाला महागडं तिकीटही परवडतं. जाहिरातीत 'फिरत बघा' किंवा 'चारही बाजूंनी बैठक' असं असेल तर डोळे मिटून तिकीट काढा. एका टोकाला स्टेज, समोर उतरती गॅलरी असेल तर मागची स्वस्त जागा टाळा. अंतर फार पडतं.

दर्शनी भागातल्या खोल्यांसाठी गाइडेड टूर घ्या. मात्र मोठ्या मांडणीचं काम चालू असेल तर हॉल मोकळा दिसणार नाही, तेव्हा तारीख ठरवताना विचारून घ्या. 'व्हेटरन्स रूम'मध्ये काचकामासाठी गाजलेला लुई टिफनी आणि वास्तुकार स्टॅनफर्ड व्हाइट यांचा हात आहे. खांबांना चक्क साखळदंड गुंडाळलेले आहेत, शेकोटीभोवती निळसर काचेच्या फरश्या आणि वर गरुड विरुद्ध समुद्री ड्रॅगन. जरा जास्तच झालंय, पण जवळ जाऊन साखळीची कडी न् कडी बघावी अशी ती खोली आहे.

सबवेची 6 नंबरची गाडी, 68व्या रस्त्याचं हंटर कॉलेज स्थानक. लेक्सिंग्टनवरून दक्षिणेला येताना जी भली मोठी भिंत लागते ती हॉलची पाठ. दार पलीकडे पार्क ॲव्हेन्यूवर, 66 आणि 67व्या रस्त्यांच्या मध्ये. ऐन वेळी पोचणारे इथेच पाच मिनिटं घालवतात.

गाण्याच्या छोट्या मैफली 'बोर्ड ऑफ ऑफिसर्स रूम'मध्ये होतात. तिथे माइकची गरज पडत नाही. पियानो असेल तर डावीकडच्या, पुढच्या खुर्च्या धरा. बोटं तिथूनच दिसतात.