रोबो व्हॅक्यूम : आठ महिने रोज फिरवल्यावर

आपला आपण घरभर फिरून केर ओढणारा हा रोबो गेल्या जूनमध्ये सेलला २६ हजारांना घेतला, आता फेब्रुवारी चालूये. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती आरतीच ओवाळली असती, पाचव्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या, त्यामुळे थांबले तेच बरं झालं. कंपनीचं नाव घेत नाहीये, कारण पुढे कळेल.

आमचं टू बीएचके, सिंहगड रोडच्या बाजूला, समोर दोन बिल्डिंगांचं बांधकाम चालू, सकाळी केर काढला तरी दुपारी पायाला कचकच लागते. घरात मी, नवरा, पाच वर्षांची लेक आणि सासूबाई. आईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही पण केर दिसला की स्वस्थही बसवत नाही, मग त्या काठीनेच तो कोपऱ्यात सरकवत बसायच्या, ते बघवेना म्हणून हा खर्च.

कॅमेरावाला मुद्दाम घेतला नाही. २०२२ मध्ये रुम्बा या रोबो व्हॅक्यूमच्या टेस्टिंगमधल्या मशिन्सनी लोकांच्या घरात काढलेले फोटो बाहेर फुटल्याची बातमी आली होती ती डोक्यात होती, घरात लहान मुलगी, नकोच ते. आमच्यावाल्याच्या डोक्यावर एक टोपी आहे, त्यात लेझर गरागरा फिरतो, भिंतीला लागून परत येतो आणि त्यावरून हा घराचा नकाशा काढतो, लायडार म्हणतात त्याला, अंधारातसुद्धा बरोबर चालतो. फक्त आरशापुढे त्याची अक्कल संपते. आमच्या बेडरूमच्या वॉर्डरोबला उभा मोठा आरसा आहे, पहिल्या दिवशी नकाशात भिंतीपलीकडे अजून एक खोली दाखवली पठ्ठ्याने, म्हणजे थेट शेजाऱ्यांच्या किचनमध्ये. नवरा म्हणाला पुण्यात फुकट खोली मिळतेय तर घेऊन टाकू. शेवटी ॲपमध्ये आरशापुढे लाल रेघ मारून नो-गो केलं तेव्हा तो तिकडे धडका मारायचा थांबला.

या टोपीमुळे उंची वाढते हे मात्र घेताना कुणी सांगत नाही. आमचा साडेनऊ सेंटीमीटर आहे आणि हॉलमधल्या दिवाणाखाली जागा आठची, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त धूळ तिथेच हा जाईना!! सुताराकडून दिवाणाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून घेतले, त्याचे पाचशे वेगळे. पण त्यानंतर पहिल्यांदा तो दिवाणाखालून बाहेर आला तेव्हा डबा उघडून बघितला तर राखाडी गोधडीच निघाली आतून, शिवाय लेकीचा हरवलेला पैंजण. माझ्या सकाळच्या शिंका खरंच कमी झाल्यात, आता ते यामुळेच की हवा बदलल्यामुळे देव जाणे, पण बेडखाली रोज झाडू जाणं माझ्याच्याने बारा वर्षांत झालं नव्हतं ते होतंय.

आता खरी गोष्ट. हा केर काढतो पण घर आवरत नाही, आणि आपला निम्मा वेळ केर काढण्यात नाही आवरण्यातच जातो हे मला हा आल्यावर कळलं. चार्जरच्या वायरी, मोजे, लेकीचे ठोकळे, आईंची जपमाळ, ओढणीचं जमिनीला टेकलेलं टोक, काहीही गिळायला बघतो आणि मग मधेच उभा राहून इंग्लिशमध्ये मदत मागतो, आई त्याला मराठीत उत्तर देतात, "अरे थांब, येतेय ना." त्यामुळे रोज दहा वाजता तो निघायच्या आधी दहा मिनिटं घरभर वाकून मीच फिरते, खुर्च्या डायनिंग टेबलवर उलट्या टाकते. आळशी माणसाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत झालंय. उलट ज्याचं घर आधीच टापटीप आहे त्याला हा सोन्यासारखा.

वेळेचाही घोळ झाला. आधी मी ऑफिसातून यायच्या वेळी लावला होता, संध्याकाळी पावणेसात. आई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या तिन्हीसांजेला केर काढतात का गं, लक्ष्मी जाते. मी म्हटलं आई तो केर बाहेर टाकत नाही, पोटातच ठेवतो. नाही पटलं, सकाळी दहा केलं. मग गौरी आवाहनाच्या दिवशी दारापासून गौरीच्या जागेपर्यंत आईंनी बसून बसून रांगोळीची पावलं काढली, गुडघे दुखत असताना, आणि मी शेड्यूल बंद करायला विसरले. दहाच्या ठोक्याला साहेब निघाले ते दारापर्यंत पावलं पुसतच गेले. मी अक्षरशः किंचाळले. पावलं परत काढली, पण रांगोळीची बारीक पूड फिल्टरमध्ये अशी बसली की पुढे आठवडाभर त्याची ओढच गेली. फिल्टर धुतला की पूर्ण वाळवून, म्हणजे चोवीस तासांनी, लावायचा असतो, मी घाईत दमट लावला आणि घरभर कुबट वास. दिवाळीत मात्र लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीशेजारी याला पण हळदीकुंकू मिळालं, टोपीला लावू नका म्हणून मी ओरडत होते.

पुसण्याबद्दल जास्त अपेक्षा ठेवू नका. मागे ओलं फडकं ओढत नेतो एवढंच, बारीक धूळ टिपली जाते, वाळलेला चहाचा डाग आठ फेऱ्या मारल्या तरी तिथेच. आमच्याकडे पाणी निम्मा वेळ टँकरचं, त्याने रोबोच्या पाण्याच्या टाकीची भोकं पांढरी धरायला लागली, तेव्हापासून पिण्याच्या फिल्टरचं पाणी भरते. नुसतं पाणीच घाला असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असताना मी चमचाभर लेमनवालं फ्लोअर क्लीनर घातलं आणि सगळं चिकट करून घेतलं, तो गाढवपणा माझा, त्याचा नाही.

केस! घरात तिघींचे लांब केस. रोलरला, बाजूच्या ब्रशला, पुढच्या छोट्या चाकाच्या दांडीला, सगळीकडे गुंडाळतात. रविवारी चहा घेत त्याला उलटा पाडून कात्रीने केस कापणे हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम आहे, त्याच वेळी खालचे सेन्सर कोरड्या फडक्याने पुसायचे, नाहीतर धुळीने आंधळा होऊन सपाट फरशीवर खड्डा आहे म्हणून अडून बसतो. बाथरूमपाशी काळं पायपुसणं होतं तिथेही हेच व्हायचं. खालचे सेन्सर प्रकाश सोडून तो परत येतो का बघतात, काळ्या रंगावरून येतच नाही, मग याला वाटतं इथे जिना आहे. पायपुसणं बदललं, चेरी रंगाचं आणलं, प्रश्न मिटला.

वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं चालतं. आमच्या राउटरवर २.४ आणि ५ दोन्हीचं नाव एकच होतं, नवऱ्याने रात्री अकरापर्यंत खटपट करून ते वेगळं केलं. आणि गुरुवारी लाईट गेली की डॉकचा, म्हणजे तो जिथे जाऊन चार्ज होतो त्या बैठकीचा, सिग्नल बंद, मग हा बिचारा डॉकच्या आसपास घिरट्या घालत बसायचा. डॉक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

पाचव्या महिन्यात डावं चाक गेलं. वॉरंटीत होतं, पण सर्व्हिसवाल्यांनी तीन आठवडे "पार्ट येतोय" एवढंच ऐकवलं, मी फोन केला की दरवेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून कहाणी. त्या तीन आठवड्यांत मावशींनी रोज केर काढला आणि रोज ऐकवलं, "तुमची गाडी आली का गॅरेजमधून?" हो, मावशी आहेत अजून. लोक विचारतात बाई बंद केली का, तर नाही, भांडी आणि लादी त्यांच्याकडेच आहे, पैसेही तेवढेच. सुरुवातीला त्या जरा घुश्श्यात होत्या, आता स्वतःच म्हणतात सोफ्याखालचं मी करत नाही, ते त्याच्याकडे.

ऑटो एम्प्टीवाला, म्हणजे स्वतःचा केर स्वतः डॉकमध्ये ओतणारा, दहा हजार जास्त होता म्हणून सोडला. माझा डबा ४०० मिलीचा, रोज रिकामा करावा लागतो, अर्ध्या मिनिटाचं काम. त्या बांधकामाच्या धुळीत पिशव्या किती लागल्या असत्या हा विचार केला की वाईट वाटत नाही.

फिल्टर डिसेंबरात बदलला. कंपनीचा आठशेचा होता, ऑनलाइन साधा अडीचशेला मिळाला, भीत भीत तोच लावला. दोन महिने झाले, अजून तरी आवाज बदलला नाहीये.