एकशेवीस अंड्यांची पेटी: पाच घाणे काढल्यावर

अंडी उबवायचं मशीन (इन्क्युबेटर) घेऊन आठ महिने झाले. एवढ्यात पाच घाणे काढले. घाणा हा शब्द आमच्या आत्यांचा. भज्यांचा घाणा काढतात तसा त्यांना हा पिल्लांचा घाणा वाटतो, आणि आता घरात सगळेच तसं म्हणतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडं आणि माझ्या मावसबहिणीकडं अशाच दोन पेट्या बघितल्या. स्टिकर वेगळं, आतला पंखा, कंट्रोलर, ट्रे सगळं तेच. तेव्हा हे एका कंपनीबद्दल नाही, या जातीच्या पेटीबद्दल समजा.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. डाळिंब, चार शेळ्या, एक म्हैस आणि माझ्या ४५ गावरान कोंबड्या, ५ कोंबडे. कोंबड्या माझ्या म्हणजे हिशेब माझा, औषध माझं आणि शिव्याही मलाच. आजवर पिल्लं काढायची ती खुडूक कोंबडीखालीच. एका कोंबडीखाली १२-१४ अंडी बसतात. अडचण अशी की तुम्हाला हवं तेव्हा कोंबडी खुडूक होत नाही, तिला हवं तेव्हा होते. फेब्रुवारीत पिल्लं निघाली तर आखाडात कोंबडे विक्रीला तयार. पण माझ्या बाया नेमक्या मे महिन्यात बसणार. मग श्रावण लागतो आणि गिऱ्हाईक महिनाभर तोंड फिरवतं. एवढ्यासाठी मशीन घेतलं, ११,८०० रुपये, घरपोच.

पेटी बाहेरून प्लायची, आत थर्माकोल. दोन मजली ट्रे, उष्णतेसाठी ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब, एक पंखा, पाण्याची थाळी आणि दर दोन तासांनी ट्रे तिरका करणारी मोटर. सोबत एका कागदाचं माहितीपत्रक, तेही हिंदीत, आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘हॅचिंग ९५ टक्के’. तो आकडा वाचूनच आमचे हे हसले होते.

पहिला घाणा जानेवारीत लावला. ९६ अंडी. टोकदार बाजू खाली, बोथट वर, पडद्यावर तापमान ३७.७ डिग्री सेल्सिअस. सातव्या रात्री धाकटीनं मोबाइलच्या टॉर्चला पुठ्ठ्याची नळी लावून एकेक अंडं बघितलं. फळलेल्या अंड्यात लाल कोळी पाय पसरून बसल्यासारखं जाळं दिसतं, मधे काळा ठिपका. नीट बघितलं तर ठिपका हलतो. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिनं सगळ्यांना झोपेतून उठवलं. १९ अंडी मात्र नुसती पिवळी, कंदिलासारखी, म्हणजे न फळलेली. त्यात मशीनचा दोष नाही. माझ्या पाच कोंबड्यांतले दोन म्हातारे होते. दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा हे गणित कागदावर बरोबर असतं, पण कोंबडाही कामाचा असावा लागतो.

खरा घोळ पुढं झाला. एकविसाव्या दिवशी निघायची पिल्लं एकोणिसाव्या रात्रीच टोचायला लागली. आम्ही खूश, मशीन लवकर काढतंय म्हणून! सकाळी बघते तर बऱ्याच पिल्लांची बेंबी मिटलेली नाही, ओली, लालसर. चार-पाच जणांची बोटं वाकडी. ४७ निघाली, त्यातली ६ पहिल्याच आठवड्यात बेंबी पिकून गेली. आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, ‘वहिनी, पिल्लं घाई करत नाहीत. तुमची पेटी गरम चालतीय.’

घरी आले आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर हवेच्या भोकातून अंड्यांच्या उंचीला सोडला. पडद्यावर ३७.७, म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळजवळ १००. थर्मामीटर म्हणतो १०१.५. दुसरा थर्मामीटर शेजारून आणला, तोही तेच. म्हणजे पेटी सगळे दिवस जवळपास एक डिग्री सेल्सिअस खोटं बोलत होती. माणसाला एवढा ताप आला तर आपण क्रोसिन घेऊन कामाला लागतो. अंड्यातल्या पिल्लाला मात्र एकोणीस दिवस तोच ताप. कंट्रोलरमध्ये आकडा दुरुस्त करायची सोय आहे, दोन बटणं एकदम दाबून धरायची, मग उणे ०.९ टाकायचं. माहितीपत्रकात याचा शब्द नाही. विकणाऱ्याला फोन केला तर, ‘मॅडम, सेन्सर कंपनीतून सेट करूनच येतो.’ हे मशीन घेणार असाल तर पहिलं अंडं ठेवायच्या आधी दोन दिवस रिकामं चालवा आणि थर्मामीटर लावून बघा. माझी ३० फळलेली अंडी ते शिकण्यात गेली.

दुसरा घाणा तापमान सुधारून लावला. १०४ अंडी, सातव्या दिवशी १४ बाहेर, एकविसाव्या दिवशी ७४ पिल्लं. म्हणजे फळलेल्या ९० मधली ७४. आता हे मी मशीनच्या बाजूनं मोजते, कारण न फळलेलं अंडं ब्रह्मदेवालाही उबवता येणार नाही. पेटी काम करते हे त्या दिवशी कळलं. अठराव्या दिवशी मोटर बंद केली, थाळीशेजारी दुसरी वाटी ठेवून आतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर नेला आणि सगळ्यांना बजावलं की कुणीही दार उघडायचं नाही.

तरी पोरानं उघडलंच. एक पिल्लू सकाळपासून टोचत होतं, कवचाला शेंगदाण्याएवढं भोक, आतून चोच दिसायची, ओरडायचं आणि थांबायचं. त्याला दया आली. दोन मिनिटं दार उघडं ठेवून त्यानं कवच सोलायला घेतलं. तेवढ्यात आतली वाफ निघून गेली आणि शेजारच्या तीन अंड्यांचा आतला पापुद्रा वाळून पिल्लांच्या अंगाला प्लॅस्टिकसारखा चिकटला. त्या तिघांना मग फिरताच येईना. सोललेलं पिल्लूही रात्रीपर्यंत गेलं, त्याचा बलक अजून पोटात ओढून घ्यायचा राहिला होता. पोरगं जेवलं नाही. आत्या त्याला म्हणाल्या, ‘कोंबडी कधी पिल्लाचं कवच सोलती काय रं? ती नुसती बसून ऱ्हाती.’ दाराला काच आहे ती बघण्यासाठीच आहे, एवढं लक्षात ठेवा. ती काच मात्र ओलाव्यानं आतून पार धुरकट होते, तीही तक्रार लिहून ठेवते.

तिसरा घाणा एप्रिलचा, आणि तो माझ्या मूर्खपणाचा. ११० अंडी भरायची म्हणून आठ-दहा दिवसांची अंडी साठवली, स्वयंपाकघरातल्या फळीवर, वर पत्रा. दुपारी तिथं ४० च्या पुढं तापतं. अंडं अशा उष्णतेत पेटीबाहेरच वाढायला लागतं, रात्री थंडावलं की थांबतं आणि आतला जीव मरतो. सातव्या दिवशी ४१ अंड्यांत रक्ताची नुसती बांगडी दिसली. ४३ पिल्लं हाती लागली. आता अंडी माठाशेजारी वाळूच्या टोपलीत, ओलं फडकं बाजूला टांगून ठेवते आणि सात दिवसांच्या वरची घेत नाही.

चौथा घाणा जूनमध्ये, ९० अंडी. बाराव्या दिवशी ट्रे हलायचा बंद झाला. मोटरचा दातेरी चाक प्लॅस्टिकचा, तो झिजला होता. सहा महिन्यांत! एक वर्षाची वॉरंटी आहे, पण ती ‘मोटर सोडून’ आहे हे बिलाच्या मागं बारीक अक्षरांत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, उत्तर आलं, पार्सल चार दिवसांत. चार दिवस अंडी आम्ही हातानं फिरवली, सकाळ, दुपार, संध्याकाळ, एका बाजूवर पेन्सिलनं फुली मारून. पार्सल त्यानंतर अकराव्या दिवशी आलं, तोवर घाणा संपला होता. मधेच आटपाडीतल्या रिवाइंडिंगवाल्यानं कूलरच्या स्विंगची मोटर बसवून दिली, २५० रुपयांत. ती आजही चालते आणि मूळ मोटरपेक्षा आवाजही कमी. कंपनीची नवी मोटर खोक्यात तशीच आहे.

त्याच घाण्यात वळवानं खांब पाडला आणि पाच तास वीज गेली. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी दोन बल्ब आणि पंखा ओढून अडीच तासांत बसली. मग दोन वाकळा पेटीवर टाकल्या, गरम पाण्याच्या चार बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या. अंडी सोळाव्या दिवसाची होती म्हणून निभावलं. त्या वयाची पिल्लं स्वतःचीच थोडी ऊब देतात. ५२ निघाली. तुमच्या गावाला भारनियमन असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर मशीनचे पैसे आधी बॅटरीत घाला.

विजेचं म्हणाल तर सबमीटर लावून एका घाण्याला ३२ युनिट मोजले. त्याची भीती नको. बल्बची मात्र काळजी घ्या. एक उडाला तर तालुक्यातल्या सहा दुकानांत ६० वॅटचा पिवळा बल्ब मिळाला नाही, सगळीकडं एलईडी. एलईडीनं उजेड पडतो, अंडं गरम होत नाही. शेवटी मंडपवाल्याच्या अडगळीतून चार आणले. आता कुणी घेणार असेल तर बल्बवालं न घेता हीटरच्या कॉइलवालं घ्या, हजार रुपये जास्त जातील.

पाचवा घाणा ऑगस्टमधला. १०० अंडी, दोन म्हातारे कोंबडे बदलून तरणे आणलेले, ७६ पिल्लं. पाचही घाण्यांची मिळून ५०० अंडी आणि २९२ पिल्लं. ९५ टक्के नाहीच, ६० सुद्धा नाही. ती २०८ अंडी बारा रुपयांनी विकली असती तर अडीच हजार आले असते, हा हिशेब आमचे हे दर अमावस्येला काढतात. त्यावर माझा हिशेब असा, की पहिल्या घाण्यातले १५ कोंबडे आखाडात साडेपाचशेला एक गेले, ८,२५० रुपये. खुडूक कोंबडीच्या भरवशावर बसले असते तर आखाडात माझ्याकडं चार कोंबडे असते. तेही नणंदेच्या जावयाच्या ताटात.

एक फायदा कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत, तो लसीचा. मानमोडीची लासोटा लस शंभर डोसच्या बाटलीत येते. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची, उरलेली ओतून द्यायची. पूर्वी माझ्याकडं बारा पिल्लं आज, नऊ पुढच्या महिन्यात. बारा पिल्लांसाठी बाटली फोडायचं जिवावर यायचं, मग चुकवायचे, आणि एका थंडीत माना वाकड्या होऊन ३० पक्षी गेले. आता सत्तर पिल्लं एकाच दिवशीची. सातव्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यात एकेक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, एक बाटली एका घाण्याला. माझ्या मते मशीनचे अर्धे पैसे इथंच फिटले.

पण पेटी पिल्लं काढते, वाढवत नाही. हे घेताना माझ्या डोक्यातच नव्हतं. निघालेल्या पिल्लाला पहिला आठवडा ९५ फॅरनहाइट ऊब लागते, मग दर आठवड्याला पाचनं कमी. त्यासाठी पत्र्याचं गोल कुंपण, भाताचं तूस, वर बल्ब, गूळपाणी, बारीक भरडा. जानेवारीत रात्री तीनदा उठून बघायचे. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी, कुंपणाला चिकटली तर उकाडा. कोंबडीला हे कुणी शिकवत नाही, आणि ती बिलही पाठवत नाही.

यावर तोड आत्यांनी काढली. पाचव्या घाण्याच्या वेळी एक तांबडी कोंबडी खुडूक होऊन डालग्यात बसली होती, १४ अंड्यांवर. तिची १२ निघाली, हे आत्यांनी गल्लीभर सांगितलं, मशीनचा आकडा विचारून विचारून. मग रात्री, सगळं निजल्यावर, त्यांनी पेटीतली वाळलेली पिल्लं ओट्यात घेतली, बॅटरी न लावता डालगं उचललं आणि एकेक पिल्लू कोंबडीच्या पोटाखाली सारलं. तांबडी एकदा गुरगुरली, पंख थोडा उचलला आणि परत बसली. सकाळी तिच्याखाली २७ होती. दिवसा दिली असती तर तिनं टोचून मारली असती.

सध्या सहावा घाणा लावलाय, आज नववा दिवस. डालग्यात दोन खुडूक कोंबड्या मातीच्या खोट्या अंड्यांवर बसवून ठेवल्यात, एकविसाव्या रात्रीसाठी.