डीजीआरचा कोर्स की स्वतःची सीसीएनए?

पेन्शन जवळ आलेले युनिटमधले दोघे गेल्या महिन्यात हेच विचारत होते. डीजीआर म्हणजे निवृत्त होणाऱ्या फौजींना दुसऱ्या कामाचं शिक्षण देणारं संरक्षण खात्याचं ऑफिस, आणि सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो. फौजेच्या सिग्नल कोरमध्ये, म्हणजे संदेशवहनात, 20 वर्षं काढली, ट्रेनिंग पणजीच्या सेंटरला. त्यामुळे केबल हातात असल्याशिवाय मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डीजीआरच्या कोर्समध्ये जवानांना आणि जेसीओंना (सुभेदार वगैरेंना) फी नाही. अधिकाऱ्यांना 40 टक्के भरावी लागते. वर पगार चालू. माझा कोर्स नेटवर्किंगचा, 24 आठवड्यांचा होता आणि संस्था पुण्यात मिळाली, म्हणून दर शनिवारी एसटीने सातारा. पोरीला बाप ओळीनं सहा महिने दिसला, तो पहिल्यांदाच. ही बाजू हलकी नाही.

पण त्या स्विचचं, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचं, काय करायचं? तीस जणांच्या वर्गाला एक स्विच, तोही काचेच्या कपाटात कुलूपबंद. किल्ली ज्या सरांकडे, ते कायम दुसऱ्या बॅचवर. व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं, आम्ही पडद्यावर बघितला. आमच्या उस्तादांनी भर पावसात केबल तोडून जोडायला लावली होती, आणि इथं काचेपलीकडचे दिवे लुकलुकताना बघत बसायचं. सहाव्या आठवड्यात मी किल्ली मागितली. उत्तर आलं, "सर्टिफिकेट मिळणारच आहे ना, साहेब!" माझं मन तिथंच उठलं. कोर्स पुरा केला, एवढंच. सगळ्या संस्था अशा असतील असं नाही. माझी होती.

घरी आल्यावर पॅकेट ट्रेसर घेतलं, कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. शिवाय एक वापरलेला स्विच आणला. त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा, म्हणून बायकोनं मला गच्चीवरच्या खोलीत पाठवलं. तिथं एका रात्री ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन 20 वाढवायला गेलो, कमांडमध्ये 'ॲड' लिहायचं राहिलं, आणि आधीचे सगळे व्हीलॅन ट्रंकवरून उडाले. दोन तास डोकं धरून बसलो. पुढं हिंजवडीला मुलाखतीत नेमकं हेच विचारलं.

सीसीएनए स्वस्त नाही. 300 डॉलर फी, नापास झालात की गेली. वेळ 120 मिनिटं, मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, पेपर इंग्रजीत. तीन वर्षांनी नूतनीकरण. पेन्शनीतून एवढे काढताना हात थरथरतो. आणि फॉलिनची, रांगेत उभं राहायची शिट्टी नसेल तर पहाटे उठून बसायचं कुणी, हा प्रश्न आहेच. एकट्यानं अभ्यास होत नसेल, तर डीजीआरच बरा म्हणेन. फक्त संस्था निवडण्याआधी स्वतः जाऊन या, आणि कपाट उघडून दाखवा म्हणा.

मला विचाराल तर सीसीएनए. स्विच अजून गच्चीवर पडलाय. साताऱ्याला आलात तर घेऊन जा, पंखा तेवढा बदलावा लागेल.