स्टिकरवर २२०-२४०, आत ११७: जुना अ‍ॅम्प घेताना सावध राहा

'पूर्ण रीकॅप केलाय (म्हणजे जुने कपॅसिटर बदललेत), २३० व्होल्टला बिनधास्त लावा,' असं सांगून मला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना अ‍ॅम्प्लिफायर विकला गेला. सोबत चालू असल्याचा व्हिडिओ होता. व्हॉल्व्ह पेटलेले, आवाज स्वच्छ. फक्त अ‍ॅम्पची वायर कुठल्या सॉकेटात जातेय, ते त्यात कुठेच दिसत नव्हतं.

अनोळखी मशीन मी आधी सिरीज बोर्डवर लावतो, म्हणजे त्याची वीज १०० वॅटच्या साध्या बल्बमधून जाते. (एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.) मशीन धड असेल तर बल्ब क्षणभर भडकतो आणि मंदावतो. हा मंदावेचना, म्हणजे आत कुठेतरी जास्त करंट ओढला जात होता. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्ह काढला, तरी तेच. सगळे व्हॉल्व्ह उपसले, तरी तेच. राहता राहिला ट्रान्सफॉर्मर. पण त्याला ना जळका वास, ना आतलं मेण बाहेर आलेलं. मग व्हेरियाक (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) जोडून ६व्ही६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या सॉकेटवर, २ आणि ७ नंबरच्या पिनांना मीटर लावला. हे हीटरचे पाय, इथे ६.३ व्होल्ट हवेत. व्हेरियाक जेमतेम ११५ वर होता आणि मीटर ६.३ ओलांडून गेला होता!

मागच्या पाटीवरच्या '२२०-२४०' स्टिकरची कड नखाने उचकटली. खाली छापलेलं होतं: ११७ व्होल्ट, ६० सायकल. व्हिडिओ बहुधा स्टेप-डाउनवर (२३० व्होल्ट उतरवून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) काढलेला. थेट लावला असता तर हीटरला दुप्पट व्होल्टेज गेलं असतं आणि फिल्टर कपॅसिटर फुटले असते. फ्यूजच्या भरवशावर राहावं, तर फ्यूजच्या काचेवर तांब्याची तार गुंडाळलेली.

चासी (आतला धातूचा सांगाडा) उलटी केली तर रीकॅपही नाटकच. नवे पिवळे कपॅसिटर ग्लूने चिकटवलेले, एकाचा पाय कशालाच जोडलेला नाही, काम सगळं जुन्या डबा-कपॅसिटरकडेच. नवी कोरी तीन कोअरची वायर, पण अर्थिंगची हिरवी-पिवळी तार आत येताच छाटलेली. हा मला सगळ्यात नीच प्रकार वाटला, कारण यात जीव जातो.

विकणारा आधी म्हणाला, तुमची लाइन खराब आहे. पाटीचा फोटो पाठवला, त्यानंतर उत्तर नाही. पैसेही नाहीत.

घेण्याआधी मूळ पाटीचा, फ्यूजचा आणि चासीच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. द्यायला कां-कूं झाली तर सौदा सोडा. असं मशीन गळ्यात पडलंच असेल, तर पुरेशा व्हीएचा (क्षमतेचा) स्टेप-डाउन, योग्य अँपिअरचा फ्यूज आणि चासीला पक्की अर्थिंग, हे कपॅसिटरच्या आधी करा. मात्र बाजारातले बरेच स्टेप-डाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, ते लाइनपासून आयसोलेशन देत नाहीत, म्हणजे मशीन मेन्सच्या विजेपासून वेगळं होत नाही. ज्या रेडिओत पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही आणि चासी थेट लाइनला जोडलेली असते, त्याला असला स्टेप-डाउन आणि अर्थिंग दोन्ही चालणार नाहीत. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो.