जनगणना, नोंदी, सर्वेक्षण की वस्तीची गणती? सर्वसमावेशक परिसरासाठी कुठल्या माहितीवर भिस्त ठेवावी

बसथांबा कुठे हलवायचा, वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, परिसराच्या समितीवर कोणाला घ्यायचं... असा कुठलाही विषय निघाला की बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आधी सर्वेक्षण करू." यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. सर्वेक्षण होईपर्यंत निर्णय घ्यावा लागत नाही, हेही त्यामागचं एक कारण असतं.

म्हणून माहिती गोळा करण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून पाहावं: आकडा अमुक आला तर आम्ही हे करू, तमुक आला तर ते करू. हे वाक्य लिहिता येत नसेल तर प्रश्नावली छापायला टाकू नये. लिहिता आलं, तर हाताशी चार मार्ग आहेत: जनगणनेचे तयार आकडे, कार्यालयांतल्या नोंदी, स्वतःचं नमुना सर्वेक्षण आणि लोकांनी आपल्याच वस्तीची केलेली गणती. त्यांची तुलना खर्च, वेळ आणि अचूकता यांवर नेहमी होते, ती व्हावीच. पण सर्वांना सामावून घेणं हाच हेतू असेल तर पहिला प्रश्न वेगळा आहे. या मार्गाने गेलो तर कोण सुटतं? प्रत्येक मार्गातून कोणी ना कोणी सुटतंच, आणि दर वेळी वेगळं कोणीतरी.

जनगणना: छेद इथूनच घ्यावा

जनगणनेचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे ती छेद देते, म्हणजे टक्केवारी काढायला लागणारी परिसराची एकूण संख्या. तुमच्या उपक्रमाला येणाऱ्यांत साठीपुढचे पाच टक्के आहेत, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. परिसरात साठीपुढचे पंधरा टक्के राहतात हे कळलं की त्या पाचाला अर्थ येतो. स्वतःच्या सर्वेक्षणातून हा छेद काढू पाहणं म्हणजे फुकट मिळणारी वस्तू पैसे देऊन घेणं, तीही हलक्या प्रतीची.

चांगल्या हेतूने फुगलेले आकडेही जनगणना खाली आणते. नैरोबीतली किबेरा ही वस्ती कित्येक वर्षं दहा लाख लोकांची म्हणून सांगितली जात होती. केनियाच्या २००९च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ७० हजार लोक भरले. त्या मोजणीवर वाद झाला, पण इतरांनी स्वतंत्रपणे केलेले अंदाजही दहा लाखांच्या जवळपास फिरकले नाहीत. नळ किती आणि शौचालयं किती हे ठरवताना पाचसहापट फरक परवडत नाही.

आता दुसरी बाजू. जनगणना बहुतेक देशांत दहा वर्षांनी होते, त्यामुळे भाडेकरूंची ये-जा असलेल्या भागात तिचे आकडे लवकर शिळे होतात. आणि ती सगळ्यांना सारख्याच प्रमाणात गाठत नाही. अमेरिकेत २०२०च्या जनगणनेनंतर पडताळणीसाठी स्वतंत्र पाहणी झाली. देशाच्या एकूण आकड्यात जेमतेम ०.२४ टक्क्यांची तूट निघाली, म्हणजे जवळजवळ बिनचूक. आत डोकावलं तर चित्र पालटतं. कृष्णवर्णीय ३.३० टक्के कमी मोजले गेले होते, हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक मुळाचे) ४.९९ टक्के कमी, राखीव क्षेत्रांत राहणारे मूलनिवासी ५.६४ टक्के कमी. हिस्पॅनिक नसलेले गोरे मात्र १.६४ टक्के जास्त. दोन्हीकडच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज छान जुळते. पाच वर्षांखालची मुलंही २.७९ टक्के सुटली. दोन घरांत वाटून राहणारी, आजीआजोबांकडे असलेली मुलं कोणाच्याच यादीत चढत नाहीत.

आणखी एक बारकावा. त्याच जनगणनेत, कोणाची ओळख उघडी पडू नये म्हणून, प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळली होती. त्यामुळे एखाद्या चौकाचा आकडा सुटा वापरू नये, शेजारचे भाग जोडून मग वाचावा.

कार्यालयातल्या नोंदी: स्वस्त, ताज्या आणि एकांगी

शाळेचा पट, दवाखान्याच्या नोंदी, करदात्यांची यादी, पाण्याची जोडणी. या गोष्टी कोणाच्या दारात न जाता मिळतात. डेन्मार्कने १९८१ साली पूर्णपणे नोंदींवर जनगणना केली. नेदरलँड्समध्ये घरोघरी जाऊन केलेली शेवटची जनगणना १९७१ची. ज्या देशांत नोंदवह्या चोख आहेत तिथे हा मार्ग चालतो. पण नोंद होते ती खिडकीपर्यंत आलेल्याची. जो आलाच नाही, किंवा ज्याला परत पाठवलं, त्याचा कागद कुठेच नसतो.

न्यूझीलंडच्या २०१८च्या जनगणनेत याचा चांगला धडा आहे. अर्ज ऑनलाइन भरण्यावर भर दिला गेला, प्रतिसाद घसरला, माओरी लोकांमध्ये तर फारच. पडलेली भोकं सरकारी नोंदींनी बुजवली आणि डोक्यांची संख्या बऱ्यापैकी सावरली. मात्र कोण कुठल्या 'इवी'चा, म्हणजे माओरी कुळाचा, हे त्या नोंदींत नव्हतंच. त्यामुळे इवींचे आकडे अधिकृत आकडेवारी म्हणून देता आले नाहीत. माणूस मोजला गेला, त्याची ओळख मात्र हुकली.

स्वतःचं सर्वेक्षण: 'का' कळतं, 'किती' जपून

जनगणना किती लोक राहतात ते सांगते. ते समाजमंदिरात पाऊल का टाकत नाहीत हे ती सांगणार नाही. पायऱ्या अडवतात, वेळ जुळत नाही, भाषा कळत नाही की मागच्या वेळी कोणी घालूनपाडून बोललं, हे विचारावंच लागतं. सर्वेक्षणाची खरी जागा ही.

गणित मात्र निर्दय आहे. योग्य पद्धतीने निवडलेल्या ४०० जणांच्या उत्तरांत साधारण ५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. वस्ती वीस हजारांची असो की वीस लाखांची, त्याने फारसा फरक पडत नाही. हे ऐकून समित्या खूश होतात. पण परिसरात स्थलांतरित दहा टक्के असतील तर त्या ४०० मध्ये ते सापडतील जेमतेम ४०, आणि ४० जणांच्या उत्तरांत चूक होते १५ टक्क्यांच्या वर. त्यांच्यातले निम्मे 'असुरक्षित वाटतं' म्हणाले, तर खरा आकडा ३५ही असू शकतो, ६५ही. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप मांडला, त्यांच्याबद्दलच सर्वेक्षण सर्वांत कमी बोलतं. उपाय आहे. छोट्या गटातून मुद्दाम जास्त माणसं निवडायची आणि एकूण आकडा काढताना त्यांचं वजन परत प्रमाणात आणायचं. मात्र हे आधी ठरवावं लागतं. हाती आलेल्या उत्तरांतून नंतर ते उभं करता येत नाही.

आणि ज्याला लिंक मिळेल त्याने भरावं असा ऑनलाइन अर्ज? हजार जणांनी भरला तरी त्याला 'नमुना' म्हणू नये. १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असा कौल निघाला. जिंकले रूझवेल्ट, प्रचंड फरकाने. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, शिवाय उत्तर पाठवायला उत्साही होते ते बहुतेक नाराज मतदार. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी छोट्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

पत्त्यांच्या यादीचा हा प्रश्न आजही तसाच आहे. घरांच्या यादीवरून नमुना काढला की बेघर, वसतिगृहातले, वृद्धाश्रमातले, कोणाच्या तरी खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहणारे आपोआप बाहेर पडतात. दार उघडलं तरी घरातला एकजण सगळ्यांच्या वतीने बोलतो. आईला जिना चढवतो की नाही हे मुलगा सांगतो, बायकोला रात्री रस्त्याची भीती वाटते का हे नवरा.

शब्दरचनेवर मी सर्वांत जास्त वेळ खर्च करीन. "तुम्ही अपंग आहात का?" असं विचारलं की हो म्हणणारे कमी निघतात. काहींना शिक्का नको असतो, काहींना आपला त्रास 'वयोमानाचा' वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २००१पासून काम करणाऱ्या वॉशिंग्टन गटाने यावर सहा प्रश्नांचा छोटा संच तयार केला आहे: दिसणं, ऐकू येणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात राहणं, स्वतःचं आवरणं आणि बोलणं समजणं-समजावणं. 'अपंग' हा शब्द त्यात येतच नाही. "चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?" असं विचारतात आणि उत्तरं चार: नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. सहांपैकी एका तरी बाबतीत 'खूप' किंवा त्यापुढचं उत्तर आलं की ती व्यक्ती मोजणीत धरायची. भारताच्या २०११च्या जनगणनेत थेट प्रश्न होता आणि प्रमाण आलं २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाबद्दलचा अंदाज सुमारे १६ टक्क्यांचा आहे. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या असल्यामुळे ही तुलना सरळ नाही, हे खरं. तरी एवढी दरी पाहिल्यावर चाकाच्या खुर्चीसाठी उतार किती ठिकाणी हवेत हे २.२१वरून ठरवायला माझा हात धजावणार नाही.

उलटी चूकही होते. इंग्लंड-वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत पहिल्यांदाच, तुमची लिंगओळख जन्मनोंदीतल्या लिंगाशी जुळते का, असा ऐच्छिक प्रश्न होता. ज्यांना इंग्रजी नीट येत नव्हतं त्यांच्यात 'नाही' म्हणणाऱ्यांचं प्रमाण अनपेक्षितपणे जास्त निघालं, कारण बहुधा प्रश्नच समजला नव्हता. २०२४ मध्ये त्या आकड्यांचा दर्जा उतरवून ते 'अजून विकसित होत असलेल्या' आकडेवारीत टाकले गेले. एका अवघड वाक्यामुळे दोन अल्पसंख्य गटांची माहिती एकदम डळमळीत झाली. तेव्हा प्रश्नावली छापण्याआधी ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या दहाबारा जणांना मोठ्याने वाचून दाखवा आणि "यात काय विचारलंय?" एवढंच त्यांना विचारा. निम्मे प्रश्न बदलतील.

वस्तीने स्वतः केलेली गणती

चौथा मार्ग यादीत नसलेल्यांचा. १९८५ मध्ये मुंबईत पदपथावर राहणाऱ्या कुटुंबांची गणती 'स्पार्क' संस्थेने त्या लोकांना बरोबर घेऊन केली. हटवले जाण्याची टांगती तलवार असताना आम्ही कोण, कुठून आलो, काय काम करतो हे कागदावर आलं. पुढे झोपडीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने ही पद्धत अनेक देशांत नेली. मोजणारा शेजारचाच असल्यामुळे मागच्या बोळातली खोलीही सुटत नाही, आणि मोजता मोजता माणसं संघटित होतात. कुठलंच सर्वेक्षण हे देत नाही.

दोष? मोजणाऱ्याचं ज्याच्याशी पटत नाही तो सुटतो. फायदा मिळणार अशी कुणकुण लागली की घरं वाढतात. घरातल्या छळाबद्दल किंवा लपवलेल्या ओळखीबद्दल शेजाऱ्याला कोणी खरं सांगत नाही. असे प्रश्न बाहेरच्या माणसाने, एकांतात, नाव न घेता विचारावेत.

मग निवडायचं काय?

सोयी कुठे आणि किती, एवढंच ठरवायचं असेल तर सर्वेक्षण करू नका. जनगणना घ्या, ताज्या नोंदींशी ताडून पाहा, आणि जिथे दोन्हींत मोठा फरक दिसेल तिथे पायी जाऊन या. आहे ती सोय लोक वापरत का नाहीत हा प्रश्न असेल तर सर्वेक्षण करा, पण सगळ्या परिसराचं नको. न येणाऱ्यांपैकी दोनतीन गट निवडा आणि त्यांच्यातच पुरेसा नमुना घ्या. वस्ती कागदावरच नसेल तर गणतीपासून सुरुवात करा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर माझं मत ठाम आहे: छेद तयार आकड्यांतून फुकट घ्यायचा आणि सगळी रक्कम त्या आकड्यांतून सुटलेल्यांपर्यंत पोहोचण्यात घालायची. हजार जणांचं सर्वसाधारण सर्वेक्षण अहवालात शोभून दिसतं, पण ज्यांचा आवाज आधीच ऐकू येतो त्यांचाच तो पुन्हा ऐकवतं.

चारही मार्गांना लागू होणारा एक धोका उरतो. नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदवह्यांत धर्माची नोंद होती. नाझी ताब्यात ज्यू नागरिक शोधायला तिचा उपयोग झाला. मार्च १९४३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर प्रतिकार गटाने हल्ला केला तो तिथली नोंदींची कार्डं नष्ट करण्यासाठीच. पश्चिम जर्मनीत १९८३ची जनगणना लोकांच्या विरोधामुळे न्यायालयात अडली आणि आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे, असं घटना न्यायालयाने सांगितलं. जनगणना झाली ती १९८७ मध्ये.

एखाद्या समितीच्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. धर्म, आजार, लैंगिकता, नागरिकत्व यांतलं काही विचारायचं असेल तर सुरुवातीला लिहिलेल्या त्या वाक्यात त्याचं काम दाखवता आलं पाहिजे. नाव-पत्ता आणि उत्तरं वेगवेगळ्या फायलींत, वेगवेगळ्या माणसांकडे ठेवावीत. एका गल्लीतल्या, एका वयोगटातल्या, एका भाषेच्या दोन बायका, अशी चौकट तक्त्यात तयार झाली तर आकडा छापू नये. दहापेक्षा कमी संख्या झाकायची हा पुरेसा सावध नियम आहे. मूळ अर्ज कधी नष्ट करणार ती तारीख अर्जावरच छापावी, आणि निकाल आधी उत्तरं देणाऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, मग समितीपुढे ठेवावा.